बेंदराला रंगवलेली गिटार

गिटारला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवलेला कुणी पाहिलाय का? मी पाहिलाय. माझ्याच घरात, माझ्याच गिटारला, आणि दाखवणारी माझीच आई. वर मलाच दम भरला, "आधी पाया पड, मग जेवायला बस." पडलो पाया. करतो काय! पोटात कावळे ओरडत होते आणि आमच्या घरात आईपुढं तोंड उघडायची सोय नव्हती.

हे सगळं सत्तरीचं दशक संपता संपताचं. कागलजवळ आमचं गाव, घरी शेती. मी मात्र राजारामपुरीत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो आणि दुकान सुटल्यावर एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो. साधी नव्हे, इलेक्ट्रिक गिटार. त्या वेळी कोल्हापुरात असल्या गिटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक माझ्या गळ्यात! मग काय, माझा रुबाब विचारूच नका. केस कानावर आलेले, पँटचा घेर एवढा की सायकलच्या चेनमध्ये अडकून आठवड्यातनं एकदा तरी पडायचो. गिटार तशी वापरलेलीच, पुण्याच्या एका वादकाकडनं घेतलेली. अंगावर जागोजागी टवके उडालेले. पण तिचा पट्टा खांद्याला अडकवला की मी स्वतःला कोण समजायचो, ते आता सांगायचीही लाज वाटते.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ह्या रुबाबाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांनी गिटारला कधी गिटार म्हटलं नाही. "तुझं ते" म्हणायचे. "तुझं ते उचल हितनं, पोतं ठेवायचंय." ऑर्केस्ट्रात मला चार वर्षं झाली, त्यात एकदा खुद्द कागलला आमचा कार्यक्रम झाला, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. सगळा गाव आला. आबा आले नाहीत. म्हशीला बरं नाही म्हणाले. म्हैस चांगली ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला लाथ घातली.

मी वरवर हसून सोडून द्यायचो. पण आता ह्या वयात लपवायचं काय? हजार माणसांच्या टाळ्या पडल्या तरी माझं मन भरत नव्हतं. मला एकाच माणसाची शाबासकी हवी होती आणि तो माणूस म्हशीचं निमित्त सांगून घरी बसत होता.

आबांचा सगळा जीव बैलांत. आमच्याकडं आषाढात बेंदूर येतो. बैलांचा सण, दुसरीकडं ज्याला पोळा म्हणतात तसलाच. बेंदराआधी आठ दिवस आबा घरात नुसते नावाला असायचे. बैलांची शिंगं काचेनं साळायची, म्हणजे खरवडून गुळगुळीत करायची, मग त्यांना लाल हिंगूळ द्यायचा, वरनं रोगण. रोगण ते घरीच करायचे. जवसाचं तेल, चंद्रस नावाची राळ आणि आणखी काय काय. कृती कुणाला सांगायची नाही, आईलासुद्धा नाही. आईला तशी त्याची हौसही नव्हती, कारण तिचंच पातेलं वाया जायचं. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला, जिथं वर्षभर जू घासतं तिथं, तेल-हळद चोळायची. आबा ते असं हळुवार करायचे की मला बैलाचा हेवा वाटायचा. माझ्या डोक्याला त्यांनी कधी तेल चोळल्याचं मला आठवत नाही.

पण त्या वर्षी गोठ्यात बैलच नव्हते. जोडीतला एक म्हातारा होऊन चैत्रात गेला. दुसरा एकटा उरला. एकट्या बैलाला औताला कसा धरणार? आणि नवा आणून जुळवायचा म्हटलं तर आबांचंही वय झालेलं. तोवर गावात ट्रॅक्टर आला होता. आबांनी तो दुसरा बैल आपल्या बहिणीच्या घरी वारणानगरकडं पाठवून दिला आणि चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. गोठ्यात उरली ती लाथाळ म्हैस, आणि बेंदराला म्हशीला कोण विचारतं!

आषाढात लग्नं नाहीत, कार्यक्रम नाहीत. ऑर्केस्ट्रा थंड. माझी राजारामपुरीतली खोली गळत होती म्हणून मी गिटार घरी नेऊन सोप्यातल्या खुंटीला अडकवून ठेवली होती. बेंदराच्या दिवशी दुकानातनं सुट्टी काढून मी एसटीनं दुपारी घरी पोचलो. दारात पाय ठेवला आणि जागच्या जागी थिजलो.

पाटावर माझी गिटार उभी. आता इलेक्ट्रिक गिटारच्या अंगाला वरच्या बाजूला दोन टोकं असतात, शिंगांसारखी. ती दोन्ही लालभडक हिंगुळानं रंगवलेली. वर, जिथं तारा पिळायच्या चाव्या असतात, तिथं गोंडा बांधलेला. मध्ये कुंकवाचा टिळा. आणि दांडी, म्हणजे ज्यावर डाव्या हाताची बोटं नाचतात तो लांब भाग, मागच्या बाजूनं सगळी पिवळीजर्द, वरनं रोगणानं चकचकीत. समोर ताटात पुरणपोळी. नशीब माझं, बेंदराला बैल पळवतात तशी गावाच्या वेशीतनं पळवली नाही तिला.

"आबाऽ! हे काय केलंसा?" मी ओरडलोच.

आबा आतल्या उंबऱ्यावर बसून हाताचा रंग रॉकेलनं पुसत होते. वर न बघता म्हणाले, "सणाला दावण मोकळी ठेवायची न्हाई."

"पर हे जनावर हाय काय?"

"घरात कमवतंय असं तेच एक जनावर ऱ्हायलंय आता." एवढं बोलले आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "जिथं घासतंय तिथं चोळलंय बघ तेल-हळद. हात तिथंच फिरतोय न्हवं तुझा?"

चार वर्षं मला वाटत होतं, हा माणूस माझ्याकडं बघतच नाही. आणि ह्यानं माझा हात कुठं फिरतो तेसुद्धा बघून ठेवलेलं! मी तिथंच गिटारसमोर बसकण मारली. आईला वाटलं, भुकेनं.

तर असा माझा सन्मान झाला, आणि सन्मानाच्या दुसऱ्या दिवसापासनं माझे हाल सुरू झाले.

गिटार घेऊन मी कोल्हापूरला परत आलो. श्रावणात गणपतीच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू झाल्या. पहिल्याच तालमीत मी ऐटीत पट्टा अडकवला, दांडी हातात धरली आणि हात तिथंच बसला. वाजवताना अंगठा दांडीच्या मागनं सरकवत हात वरखाली न्यायचा असतो. माझा अंगठा सरकेचना. जोर लावला की 'फट्' आवाज होऊन सुटायचा आणि दोन बोटं पुढं जाऊन पडायचा. रोगण वाळलंच नव्हतं. श्रावणातली दमट हवा, त्यात माझ्या हाताला घाम. तालीम संपली तेव्हा माझा तळहात पिवळा झाला होता.

आमच्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख म्हणजे मास्तर. स्वतः अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, तोंडात कायम पान, आणि स्वभाव पानातल्या चुन्यासारखा. त्यांनी माझा हात धरून सगळ्यांना दाखवला. "अरे, ह्याला हळद लागली! आणि आपल्याला पत्रिका न्हाई?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण आतनं घाबरलो होतो. कारण त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमाची सुरुवात मास्तरांनी पहिल्यांदाच एकट्या गिटारवर ठेवली होती. दीड मिनिट फक्त मी. धून अशी की हात दांडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला हवा. आणि बेंदराच्या दिवशी जेवताना आबा आपणहून बोलून बसले होते, "ह्या गणपतीत येतो बघाय. रंग दिव्यात कसा दिसतोय ते बघू."

रंग बघायला का होईना, येणार होते.

झालं, मी इलाज सुरू केले. रंग जाऊ नये आणि चिकटपणा तेवढा जावा, एवढीच माझी माफक अपेक्षा. पहिल्यांदा पावडर लावली, अंगाला लावायची, गुलाबाच्या वासाची. पाच मिनिटं झकास सरकला हात, आणि मग रोगण, घाम आणि पावडर मिळून दांडीवर पिठलं झालं. ते काढायला रॉकेलचा बोळा फिरवला. चिकटपणा तसाच राहिला, वरनं वास एवढा सुटला की आमची गाणारी बाई म्हणाली, "ह्याला माझ्याशेजारी उभा करू नका, कुणीतरी विडी पेटवली तर दोघंबी जाऊ." मग रिठ्याचं पाणी. मग दुकानातला पंखा लावून रात्रभर दांडी त्याच्यासमोर. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत. दांडी आता चिकट तर होतीच, शिवाय तिच्यावर पावडरीचे डाग आणि पंख्यानं उडवलेली धूळ बसली होती.

दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी पान थुंकलं आणि सांगून टाकलं, "येत्या सोमवारपर्यंत हात पळाला पायजे. न्हाईतर सुरुवातीची धून अ‍ॅकॉर्डियनवर." म्हणजे ते स्वतः वाजवणार. त्यांच्या डोळ्यांत मला जरा आनंदच दिसला, पण तो विषय सोडा.

आमच्या दुकानापासनं चार दुकानं सोडून एक फर्निचरवाला होता. तिथं पॉलिश करणारे एक चाचा बसायचे. त्यांच्या घरी तीन पिढ्या हेच काम. लाखेनं नखं कायमची तपकिरी झालेली. मी गिटार घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो. चाचांनी लाल शिंगं बघितली, गोंडा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "क्या रे, मिरवणुकीतनं आणलीस काय ही?"

"चाचा, दांडी चिकटतीय. काहीतरी करा."

त्यांनी बोटाची मागची बाजू दांडीवरनं फिरवली, नाकाला लावून वास घेतला आणि मान हलवली. "खाली तेल चोळलंय. ते वाळायच्या आत वरनं रोगण मारलंय. आता खालच्या तेलाला हवाच न्हाई, वाळणार कसं? दुधावर साय धरली की खालचं दूध तापलेलंच ऱ्हातंय, तसं झालंय हे. पुढच्या बेंदरापर्यंत असंच चिकटत बसणार."

"मग?"

"मग काय, साळून काढायचं. काचेनं. अर्ध्या तासाचं काम." चाचांनी काचेचा तुकडा हातात घेतला आणि दांडीवर टेकवलासुद्धा.

"थांबा!" मी त्यांचा हातच धरला.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी अवस्था. तो रंग तसाच ठेवला तर आबांच्या समोर माझा हात अडकणार, किंवा हातात गिटार घेऊन मी मास्तरांचं अ‍ॅकॉर्डियन ऐकत बसणार. रंग काढला तर आबा येणार, पुढं बसणार, आणि आयुष्यात एकदाच माझ्या वस्तूला त्यांनी हात लावला तो मी खरवडून टाकला, हे त्यांना दिसणार. मी चाचांना सगळं सांगितलं. बैलांचं, पुरणपोळीचं, म्हशीचंसुद्धा.

चाचा पोट धरून हसले. मग काच खाली ठेवली. "मग मी न्हाई हात लावत. बापाच्या हातचं काम हाय ते. ज्यानं लावलंय त्यालाच दाखव जा."

"त्यांना वाईट वाटंल, चाचा."

"वाटंल की. मग काय मरायचं काय त्यानं?" असं म्हणून चाचा आपल्या कपाटाकडं वळले.

रविवारी मी गिटार घेऊन गावी गेलो. एसटीत पूर्ण वाक्य पाठ केलं होतं: आबा, रंग झकास झालाय, पण दांडीपुरता जरा काढावा लागेल. घरी पोचलो, पाणी प्यालो. आबांनी विचारलं, "रंग टिकलाय न्हवं?"

"टिकलाय की," मी म्हणालो. "लै टिकलाय."

संपलं माझं वाक्य. शूर मर्दाचं!

जेवणं झाली. आबा सोप्यात भिंतीला टेकून बसले, तंबाखू मळली, आणि चार वर्षांत जे कधी बोलले नव्हते ते बोलले. "वाजव की जरा."

आई भांडी घासत होती, तिचाही हात थांबला. मी गिटार मांडीवर घेतली. आता गंमत अशी, की इलेक्ट्रिक गिटारला वीज जोडली तरच तिचा आवाज. ती न जोडता वाजवली तर डास गुणगुणल्यासारखी वाजते. घरात अ‍ॅम्प्लिफायर कुठला? मी तसंच वाजवायला लागलो. तारांचा आवाज एवढासा, आणि अंगठ्याचा 'फट्, फट्' त्याच्यापेक्षा मोठा. टिंग टिंग, फट्. टिंग, फट्, फट्.

आबा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, "हे फट् फट् गाण्यातलंच हाय व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "नवीन पद्धत हाय."

"हं," आबा म्हणाले. मग हात पुढं केला. "आण हिकडं."

गिटार घेतली. दांडी मुठीत धरली आणि मूठ वरनं खाली ओढली. फट्. पुन्हा ओढली. फट्. मग माझा डावा हात धरून उलटा केला आणि कंदिलाजवळ नेला. तळहात पिवळा. आबांनी तो बराच वेळ बघितला, सोडून दिला, गिटार उठून खुंटीला अडकवली आणि म्हशीला वैरण टाकायला गेले. आई मला म्हणाली, "खोटं बोलायचं तर जरा जमंल असं तरी बोलावं."

मला त्या रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. मला स्वतःचा राग आला, आबांचा आला, आणि त्या मेल्या जवसाच्या तेलाचा तर फारच आला.

सकाळी जाग आली ती खर्र खर्र आवाजानं. खुंटीवर गिटार नाही. धावत गोठ्यात गेलो. रिकाम्या दावणीजवळ आबा पोत्यावर बसलेले, मांडीवर गिटार आडवी, हातात काच. ती काच मी ओळखली. बैलांची शिंगं साळायची काच, चिंधीत गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवलेली असायची. दांडीवरनं पिवळी साल निघून त्यांच्या धोतरावर पडत होती.

"आबा, कशाला काढताय? ऱ्हाऊ दे की!"

"बस गप." खर्र. "रुमण्याला कधी रंग लावलेला बघितलास काय?"

रुमणं म्हणजे नांगरताना हातात धरायची दांडी. तिला रंग, तेल, काही लावत नाहीत. धरणाऱ्याच्या हातानंच ती गुळगुळीत होते.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग! मी ह्येला बैल समजलो. बैल न्हवं हे, औत हाय. औताची मूठ उघडीच पायजे. सगळं आयुष्य औत धरलं आणि हे मला कळलं न्हाई!" असं म्हणून त्यांनी स्वतःलाच एक गावरान शिवी हासडली. मग जरा थांबून म्हणाले, "तू का बोलला न्हाईस?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

आबांनी काच खाली केली आणि माझ्याकडं बघितलं. "बैलाला जू टोचलं तर त्यो मान झाडतोय. त्याला तोंड न्हाई तरी सांगतोय. तुला तर देवानं तोंड दिलंय, आणि ते बी एवढं मोठं!"

मला हसूही आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं. मी त्यांच्याजवळ पोत्यावर बसलो. आबा खालपर्यंत साळत गेले. काच कशी धरायची, लाकडाच्या रेषेच्या कलानं कशी ओढायची, उलटी ओढली तर कुसळं कशी उठतात, हे सगळं मला सांगत होते. चार वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या एका सकाळी बोलले. रोगण गेलं, तेल गेलं, खालचं कारखान्याचं पॉलिशही गेलं आणि नुसतं लाकूड उघडं पडलं. शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून आबांनी दांडीवर तळहात ठेवला आणि वरनं खालपर्यंत फिरवला. हात कुठंही थांबला नाही. तोच हात ते बैलाच्या पाठीवरनं फिरवायचे.

"एका अर्थी बरंच झालं," ते म्हणाले. "बैल आज ना उद्या दावणीवरनं जातोय. औत घरातच ऱ्हातंय."

मग लाल शिंगांकडं बोट दाखवून जरा चाचरत विचारलं, "ही ऱ्हाऊ देऊ का?"

आमचे आबा, चाचरत! मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या. त्यांना कोण हात लावतंय?"

सोमवारी तालमीत माझा हात असा पळाला की मास्तरांचं पान तोंडातच राहिलं. "बरं झालंय," म्हणाले, आणि लगेच लाल शिंगांकडं बघून, "पण हिला जरा बांधून ठेव, मारकी दिसतीय." त्यांना सगळं गोड कसं लागेल! चाचांना जाऊन दांडी दाखवली. त्यांनी बोटाची मागची बाजू फिरवली आणि विचारलं, "कुणी केलं?" आबांनी म्हटल्यावर म्हणाले, "त्यांना म्हणावं, शेती सोडून हिकडं या कामाला."

गणपतीत आबा कोल्हापूरला आले. फेट्याला कांजी करून, नवं धोतर नेसून, आईला घेऊन. मांडवात अगदी पुढं बसले. दिवे लागले, पडदा सरकला, आणि मी एकटा पुढं आलो. लोक आधी शिंगं बघून हसले. मग मी वाजवायला लागलो. दीड मिनिट माझा हात दांडीवरनं वरखाली धावत होता आणि मी एकदाही खाली बघितलं नाही. मी आबांच्या फेट्याकडं बघत होतो. फेटा जागचा हलला नाही. टाळ्या पडल्या, खूप पडल्या, आबांनी मात्र वाजवल्या नाहीत. दोन्ही हात गुडघ्यावर, वाकून दांडीकडं बघत बसले होते.

कार्यक्रम झाल्यावर मी पट्टा सोडत खाली आलो. मांडवाच्या खांबाजवळ कुणीतरी अनोळखी माणूस आबांना म्हणत होता, "पावणं, पोरगं तुमचं काय? काय वाजवतंय हो!"

मी कान टवकारले. म्हटलं, आता तरी.

"आमचंच हाय," आबा म्हणाले. "पर दांडी बघितलीसा का? उघडी हाय. काचेनं साळलीया. मी."

एवढंच. माझ्या वाजवण्याबद्दल अक्षर नाही. घरी जाताना एसटीतही नाही. आई माझं कौतुक करून दमली, आबा खिडकीतनं बाहेर बघत होते. कागलचा स्टँड आला, सगळे उठले, तेव्हा माझ्या पुढं उभे राहून, मागं न वळता म्हणाले, "हात अडकला न्हाई कुठं."

ती मला मिळालेली शाबासकी. त्यानंतर मी पुष्कळ वाजवलं, हारतुरे मिळाले, शाली मिळाल्या, त्या कुठं ठेवल्या त्या बायकोला विचारावं लागेल. आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गिटार मी विकली नाही. दांडी माझ्या हातानं गुळगुळीत झालीय, रुमण्यासारखी काळसर. हिंगूळ फिका पडलाय, तरी आहे.

आणि एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. दांडी जिथं अंगाला मिळते, अगदी त्या सांध्याच्या बेचक्यात, अंगठ्याएवढा पिवळा ठिपका राहून गेलाय. वाजवताना हात तिथं पोचत नाही. आबांची नजर चुकली का त्यांनी मुद्दाम ठेवला, ते मी विचारलं नाही आणि आता विचारायची सोय नाही. चाचा म्हणाले होते पुढच्या बेंदरापर्यंत चिकटेल. चाचांचा अंदाज चुकला. आषाढ लागला, हवा दमट झाली की मी गिटार मांडीवर घेतो आणि अंगठा मुद्दाम त्या बेचक्यात नेऊन टेकवतो. अजून चिकटतो.